दिवा लागायला वेळ लागतो

रविवारी सकाळी सासऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत, जावयासाठी म्हणून राखून ठेवलेल्या गुबगुबीत खुर्चीत तो बसला होता आणि समोरच्या माशांच्या टाकीवरचा दिवा ठप् झाला. आवाज मोठा नव्हता, कुणी बोलता बोलता ओठ मिटावेत एवढाच. पण तेवढ्याने खोलीचा चेहरा उतरला. आतापर्यंत स्फटिकासारखं लखलखणारं समुद्राचं पाणी एकदम धुणं भिजवलेल्या बादलीसारखं दिसू लागलं, टाकीच्या मागे ठेवलेल्या चोकच्या डब्याची गुणगुण थांबली आणि ती इतकी वर्षं चालू होती हे थांबल्यावरच त्याच्या ध्यानात आलं. सासरे टाकीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून, काळा चष्मा लावून बसले होते. त्यांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी प्रखर उजेडाकडे बघायचं नाही, वाकायचं नाही, हात वर करून काही उचलायचं नाही, असं बजावलं होतं. म्हणून त्यांनी आपली खुर्चीच फिरवून घेतली होती. कॅलेंडरशी बोलत असल्यासारखे ते म्हणाले, "गेला."

"कोण गेलं?" सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"बल्ब."

"मग बल्ब गेला म्हणा की! नुसतं गेला म्हणता, इकडे माझ्या पोटात गोळा येतो."

त्याने उठायच्या बेताने खुर्चीच्या हातांवर भार दिला आणि सवयीने तो काढूनही घेतला. कारण या घरात त्याने उठायच्या बेताने भार दिला की कुठून ना कुठून "अहो, बसा, बसा तुम्ही," असा आवाज यायचाच. लग्न झाल्यापासून तो या घरी येऊन नुसता बसत होता. त्याच्या हातातला कप शेवटचा घोट व्हायच्या आत कुणीतरी अलगद काढून घ्यायचं. एकदा भिंतीवरची तसबीर वाकडी दिसली म्हणून तो सरळ करायला गेला, तर सासरे धावत आले, "राहू द्या, राहू द्या, तुम्ही कशाला," आणि त्यांनी ती दुसऱ्या बाजूला वाकडी केली. ती आजही तशीच होती. एकदा दाराची बेल वाजली तेव्हा तो दाराच्या सर्वात जवळ होता, तरी सासूबाई ओल्या हातांनी आतून पळत आल्या, त्याला वळसा घालून गेल्या आणि दार उघडलं. दिवसभर तो परक्या माणसांच्या कवळ्या घडवायचा. ज्यांची नावंही त्याला ठाऊक नसत अशांच्या दातांच्या कडा बोटांनी चाचपून गुळगुळीत करायचा. जगातली निम्मी तोंडं त्याच्या हातांवर विसंबून जेवत होती आणि इथे त्याला साधी कडी लावू देत नव्हते. देवाने माणसाला हात दिले ते कामाला, उरलेल्या वेळात जोडायला. सासरच्या हिशेबी मात्र जावयाचे हात मांडीवर ठेवण्यासाठी होते. समोर टाकीत मासे आणि इकडे खुर्चीत आपण, असं त्याला पुष्कळदा वाटे. दोघांना वेळच्या वेळी खायला मिळतं, दोघांकडे बघून लोक कौतुकाने मान हलवतात आणि दोघांनाही कुणी हात लावत नाही. त्याला काही मोठं नको होतं. या घरातल्या कुणीतरी त्याला एकदा, नुसतं, जाता जाता, "अरे, ते दार लाव जरा," असं म्हणावं, एवढंच त्याच्या मनात होतं. पण ही काय मागायची गोष्ट आहे?

"बाबा, हा लावेल की," त्याची बायको सोफ्यावरून म्हणाली. ती माहेरी आली की पाय वर घेऊन बसे आणि त्याला अहो-जाहो करणाऱ्या या घरात बेधडक 'हा' म्हणे.

"छे, छे! जावयाला स्टुलावर चढवायचं? लोक काय म्हणतील?"

"लोक कुठे आहेत? मासे आहेत."

"मग तू लाव," सासूबाई आतून म्हणाल्या.

"तिला नको!" सासरे दचकून म्हणाले. मुलीला टाकीपासून लांब राहायची ताकीद फार जुनी होती. लहानपणी तिने मासे मळले म्हणून त्यांना शाम्पू घातला होता. सासूबाईंचा तर प्रश्नच नव्हता. त्या टाकीला सवत म्हणत आणि सवतीच्या डोक्यावर दिवा लावायला जन्म गेला तरी तयार झाल्या नसत्या. इलेक्ट्रिशियनला बोलवायचं, तर मागच्या खेपेला तो आला होता, वांगं धरावं तसा नवा बल्ब मुठीत धरून त्याने बसवला होता, आणि बोटांचा तेलकटपणा तापून तापून काचेत उतरला नि एका दुपारी बल्ब तडकला. तेव्हापासून सासऱ्यांनी इलेक्ट्रिशियन या जातीवरच फुली मारली होती. डोळा बरा होईपर्यंत थांबावं, तर टाकीतली प्रवाळं थांबणार नव्हती. जुना बल्ब गेले काही महिने उतरणीला लागलेलाच होता. त्या पिवळट उजेडात प्रवाळांनी अंग चोरलं होतं, एकाची कड पांढरी पडली होती. उजेड हेच त्यांचं जेवण. सासऱ्यांनी त्यातलं एकेक नखाएवढ्या तुकड्यापासून वाढवलेलं. आता ते कॅलेंडरकडे बघत नुसते बसले, आणि त्या पाठमोऱ्या, जरा खाली आलेल्या खांद्यांकडे पाहून त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी करतो. तुम्ही सांगा, मी करतो."

सासऱ्यांनी काळा चष्मा नाकावर सरळ केला. मग म्हणाले, "तुम्हाला त्रास." हा होकार होता.

आधी प्लग काढायचा आणि दिवा गार होऊ द्यायचा. तेवढ्या वेळात सासऱ्यांनी भिंतीला उद्देशून पूर्वरंग लावला. मेटल हॅलाइडचा बल्ब म्हणजे घरातला साधा बल्ब नव्हे. त्यात तार नसते; दोन टोकांच्या मध्ये ठिणगीच जळत राहते, आणि काच अशी तापते, अशी तापते, की तिच्यावर बोटाचा ठसा राहिला तर तिथेच ती फुटते. म्हणून धरायचं ते फक्त दोन्ही टोकांच्या चिनी मातीला. वॅट चोकला जुळणारे हवेत. कपाटात खालच्या खणात नवा आहे, चोकशी जुळणाराच, तीनदा विचारून आणलाय. बसवताना काचेवर एक बारीकसं टोक असतं, करताना तिथे तोंड बंद करतात. त्याला आपण बेंबी म्हणू. बेंबी वर.

"वर म्हणजे?"

"आकाशाकडे. उताणा झोपलेला माणूस. आपली बेंबी कुठे असते?"

"अहो, जावयाशी काय बेंबी बेंबी करता!" सासूबाई म्हणाल्या.

"तांत्रिक आहे ते!"

त्याने सुती हातमोजे चढवले. ते सासऱ्यांच्या मापाचे होते, त्याच्या मनगटाच्या बरेच अलीकडे संपत होते. स्टुलावर चढून त्याने दिव्याच्या झाकणाच्या काचेचे स्क्रू काढले, काच बायकोच्या हातात दिली, जुना बल्ब एका बाजूला दाबून सोडवला. स्टुलावरून खोली निराळीच दिसत होती. खाली सासऱ्यांचं टक्कल, कडेला चष्म्याच्या काड्या, टाकीच्या काळोख्या पाण्यातून तोंड वर करून बघणारा एक पिवळा मासा, आणि कोपऱ्यात आपली रिकामी गुबगुबीत खुर्ची. तिच्यात माणूस बसलेलं नसताना ती किती बावळट दिसते, असं त्याला वाटलं आणि बरंही वाटलं. त्याने नवा बल्ब खोक्यातून काढला. बोटभर नळी, आत थेंबाएवढं दुसरं भांडं, दोन्ही टोकांना पांढऱ्या मातीच्या टोप्या. कवळीचं काम करताना तो जसा श्वास धरायचा तसा त्याने धरला. बेंबी शोधायला नळी डोळ्यांजवळ नेली, आणखी जवळ नेली, फिरवली.

"थांबलात का?" भिंतीकडून आवाज आला.

"लागलं," तो म्हणाला.

"काय लागलं? हात?"

"नाक."

बायकोने उशीत तोंड खुपसलं. सासऱ्यांची मान लाल होत गेली. "हाताला मोजे घातले," ते म्हणाले, आणि पुढचे शब्द त्यांनी अक्षरशः दातांनी अडवले, "असू द्या. होतं. मोठमोठ्यांचं होतं. स्पिरिटचा बोळा फिरवा." बोळा फिरवताना त्याच्या मनात तो एकच शब्द घोळत राहिला. लागलं. काय काय लागतं माणसाला! ठेच लागते, भूक लागते, उचकी लागते, लळा लागतो. शाळेत नाव लागतं, घरात पाय लागतो, आणि एखाद्या घरात इतकी वर्षं जाऊनही आपला साधा हात लागत नाही. पहिल्यांदा काही लागलं ते नाक. त्याला हसू आलं आणि हसण्याने स्टूल हललं, तेव्हा सासरे, सासूबाई आणि बायको तिघेही एकदम "अहो", "अहो", "ए" असं ओरडले.

बल्ब बसला. एक बाजू दाबली, दुसरी आत गेली, चट् असा समाधानाचा आवाज आला, बेंबी आकाशाकडे. तो उतरला, प्लग लावला, बटण दाबलं. चोकने घसा खाकरला, नळीत जांभळट ठिणगी फडफडली, स्थिरावली आणि मंद निळसर उजेड पाण्यावर उतरायला लागला. "लागला!" तो ओरडला. इतक्या मोठ्याने तो या घरात कधी बोलला नव्हता. सासऱ्यांनी भिंतीकडे बघतच हात जोडले. आणि नेमक्या त्याच क्षणी हात पुसत बाहेर आलेल्या सासूबाईंनी विचारलं, "आणि सोफ्यावर ही काच कुणाची? बसणार होते मी तिच्यावर."

"काच लावली नाही?" सासरे खुर्चीत ताठ झाले. "बंद करा! आधी बंद करा! काचेशिवाय नाही जळू द्यायचा तो, डोळे जातात, कातडी सोलवटते, बंद करा!" त्याने बटण बंद केलं, काच घेतली, स्टुलावर चढला, घाईघाईने स्क्रू पिळले, उतरला, बटण दाबलं. काहीच झालं नाही. त्याने पुन्हा दाबलं. काही नाही. आता त्याला कळलं की घाम माणसाला गुडघ्यांच्या मागेसुद्धा येतो. नाक, त्याच्या मनात आलं. माझ्या नाकाने घेतला त्याचा जीव. कपाटात दुसरा बल्ब नव्हता. उद्यापासून त्या प्रवाळांच्या कडा पांढऱ्या होत जातील, सासरे डोळा बरा झाल्यावर खुर्ची वळवून पहिल्यांदा तेच बघतील, एका शब्दाने बोलणार नाहीत, उलट "असू द्या, तुम्ही कशाला मनाला लावून घेता" म्हणतील, आणि तो त्या गुबगुबीत खुर्चीत परत जाईल, या खेपेला कायमचा. कप हातात दिला जाईल आणि काढून घेतला जाईल. त्याने बोटाखाली बटण दाबून धरलं, हळूच सोडलं, जणू हळू दाबल्याने दिव्याला लाज वाटेल. खट. पुन्हा खट. खट, खट.

"अरे गाढवा, खटखट काय लावलीयस! हात काढ तिथनं!"

सासरे उठून उभे होते, तोंड अजून कॅलेंडरकडेच. पिवळा मासा दगडामागे गेला. सासूबाईंनी हातातला पंचा तोंडाशी नेला. "अहो!" त्या म्हणाल्या, "जावयाला?"

"मी..." सासरे चाचरले. काळ्या चष्म्याखाली त्यांचा चेहरा पडला. "मी त्यांना नाही म्हटलं."

"मग कुणाला? माशाला?"

"सर्वसाधारण म्हटलं. गाढव. म्हणजे... अहो, ते बटण... तुम्ही गाढव... नाही, तुम्ही गाढव नव्हे..."

"बाबा, आता पुरे करा," बायको म्हणाली. "जेवढं सावरताय तेवढं आदराने गाढव म्हणताय."

सासरे खाली बसले. मग हळूहळू, अजिजीने, भिंतीला समजावून सांगावं तसं सांगू लागले. तापलेला असताना विझवला की हा दिवा लगेच लागत नाही. आतला वाफारा निवावा लागतो. मेलेला नसतो, नुसता तापलेला असतो. त्या वेळी बटण खटखटवलं तर चोक उगाच धक्के मारत बसतो, चोकही जातो आणि बल्बही. बंद ठेवायचं, निवू द्यायचं, मग एकदा लावायचं.

"तुमच्यासारखंच आहे म्हणायचं," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

तो टाकीशेजारी जमिनीवर बसला. खुर्चीकडे जायचं त्याला सुचलंच नाही. दिवा मेलेला नाही हे कानांत शिरलं होतं, पण त्याच्या आधी शिरलेला एक शब्द अजून तिथेच फिरत होता. त्याला वडील आठवत नव्हते; होते एवढंच सांगितलेलं. आईने त्याला मऊ शब्दांत वाढवलं. ती त्याला प्रार्थनेच्या सभागृहात, गाऊन गोष्टी सांगणाऱ्या बुवांपुढे पहिल्या ओळीत नेऊन बसवायची, आणि त्याच्या चुकांबद्दल त्याला न बोलता देवाला बोलायची, "देवा, याला तूच सांभाळ." शेजारच्या मित्राचं तसं नव्हतं. त्याचे वडील गच्चीवरून हाक मारायचे, "गाढवा, कुठे मेलायस?" आणि मित्र तोंड वाकडं करून, पाय ओढत जायचा. हा खाली एकटाच उभा राहायचा. गच्चीकडे मान वर करून, उगाचच, आपल्यालाही कुणी हाक मारेल म्हणून नव्हे, पण समजा मारलीच तर ऐकू यावी म्हणून. आज कवळ्या घडवणाऱ्या, डोक्यावर केस कमी झालेल्या माणसाच्या पाठीत तो आवाज बरोबर येऊन बसला होता, खणखणीत, एकेरी, आणि आता तो परत घेतला जात होता. तेवढं काही करून अडवायला हवं होतं. पण म्हणायचं काय? तुम्ही मला गाढवच म्हणत जा? मला राग नाही आला? दुसरं वाक्य त्याने मनात चार तऱ्हांनी जुळवून पाहिलं. प्रत्येक वेळी ते राग आलेल्या माणसाचं वाटलं.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका," सासरे म्हणाले.

झालं. 'तुम्ही' परत आलं.

"लावून घेतलंय," तो म्हणाला. स्वतःच्याच धिटाईने त्याच्या कानशिलांतून गरम वाफ गेली. "घेतलंय मी लावून. आता निघत नाही ते. असू दे तसंच."

सासऱ्यांनी मान किंचित वळवली, डॉक्टरांची आज्ञा मोडेल न मोडेल एवढीच. काळ्या चष्म्याआड काय चाललं होतं कोण जाणे. बराच वेळ त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर चालत राहिली. मग ते म्हणाले, "निवला असेल. लाव आता."

त्याने एकदाच बटण दाबलं. चोक घुमला. पुन्हा जांभळी ठिणगी, पुन्हा ती फडफड. आता काचेच्या आड दिवा सावकाश वर चढू लागला. त्याला बुवा आठवले. त्यांचाही आवाज लगेच लागत नसे. आधी नुसता घोगरा हुंकार, मग एक सूर चाचपडत यायचा, लहान मुलं चुळबुळायची, आई म्हणायची, थांब, आत्ता लागेल, आणि मग कधी, कसा, ते न कळता सगळं सभागृह भरून जायचं. तसं पाणी भरत गेलं. आधी हिरवट, मग निळं, मग आरपार पांढरं.

"काय दिसतं?" सासऱ्यांनी विचारलं. "सांग की. मला कुठे बघता येतंय."

"उजेड आलाय. मासा बाहेर आला."

"मासा गेला खड्ड्यात. डावीकडचं ते झुपकेदार, त्याचं काय?"

"हलतंय. एकेक बोट बाहेर काढतंय. त्याच्या शेजारचं, कड पांढरी पडलेलं, ते अजून मिटलेलं आहे... नाही, थोडं सुटलंय. देठाशी जांभळं दिसतंय."

"जांभळं? नीट बघ. तपकिरी नाही ना?"

"जांभळंच."

"मग जगतंय," सासरे म्हणाले आणि त्यांनी चष्म्याखाली बोट घातलं. "डोळ्याला हात लावू नका!" सासूबाई आतून, कशा कोण जाणे, ओरडल्या. त्यांनी बोट काढलं आणि लगेच घसा साफ करून आवाज चढवला. "आता बघत काय बसलायस? नवा बल्ब आहे, जोराचा आहे, इतके दिवस अंधुकात राहिलेली आहेत ती, करपतील. दिवा टांगलाय ती साखळी आखूड कर, दिवा वर घे. वर म्हणजे वर, तुझ्या नाकाएवढा नाही. आणि रोज थोडाच वेळ लावायचा, हळूहळू वाढवायचा. रोज कोण येणार? तूच ये संध्याकाळी. आणि ती खालची बादली दिसते ना, टाकीचं जुनं पाणी आहे, माझ्याच्याने उचलवत नाही, ती खाली ओतून ये. हलवू नकोस फार, भरलेली आहे काठोकाठ."

"आणि जातोच आहेस तर हा कचरा ने," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या दुसऱ्या हातात पिशवी अडकवली. अडकवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय म्हणालो. त्या क्षणभर थांबल्या, त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "बघतोस काय? गळतेय ती."

"वा रे वा," बायको सोफ्यावरून म्हणाली, "आणि मला माहेरी आल्यावर कोण चहा देणार?"

"हाच देईल वर आला की," सासूबाई म्हणाल्या.

तो जिना उतरू लागला. बादलीची कडी बोटांत रुतत होती, प्रत्येक पायरीला खारं पाणी हिंदकळून त्याच्या नव्या बुटात जात होतं, पिशवीतून काहीतरी चिकट पँटीवर ठिबकत होतं. मधल्या मजल्यावर दार उघडून शेजारच्या बाई पेपर घ्यायला वाकल्या होत्या. त्यांनी आधी पायऱ्यांवरचं पाणी पाहिलं, मग बूट, मग त्याला, आणि मान वर करून कठड्यावरून वाकलेल्या सासूबाईंना विचारलं, "काय हो, हे तुमचे जावई ना?"

"छे हो!" सासूबाई वरून ओरडल्या. "जावयाला कुणी कचरा देतं का? घरचाच आहे तो."